येतानाची बाजू

रस्त्याकडेची झाडं सांभाळायचं काम फार मोठं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा त्या गाडीत बसून बघायला हवं होतं. दोन माणसं, एक खटारा गाडी आणि पायी चालणाराही पुढे निघून जाईल असा वेग. धाकटा गाडी चालवायचा आणि त्याचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, खिडकीत कोपर टेकून झाडं बघायचे. कुठली फांदी वाळली, कुठलं झाड रस्त्यावर झुकलं, कुठल्या झुडपाने वळणाची पाटी गिळून टाकली, कुठे गवत एवढं माजलं की समोरून येणारा दिसत नाही. दाजी बोट दाखवायचे, धाकटा उतरून बुंध्यावर रंगाचा पट्टा मारायचा आणि पुन्हा स्टिअरिंगवर येऊन बसायचा. मागाहून करवतवाली टोळी यायची आणि पट्टा बघून काम करून जायची.

धाकटा हे काही त्याचं नाव नव्हे. घरात सगळ्यांत लहान, म्हणून धाकटा. दाजींनी त्याला रस्ताखात्यात चिकटवला तेव्हा ते नावही बरोबर आलं, आणि कानशिलावरचे केस पांढरे झाले तरी खात्यातली पोरंसोरंसुद्धा त्याला धाकटाच म्हणत. त्याला त्याचं काही वाटत नसे. आई गेली तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. ताईनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, तिनेच लिहायला शिकवलं, आणि लग्न करून गेली तेव्हा त्यालाही बरोबर घेऊन गेली. अशी बहीण मिळायला नशीब लागतं असं तो ज्याला त्याला सांगत असे. बायको ते ऐकून ऐकून विटली होती.

तर त्या कामाची एक रीत होती. जाताना एक बाजू, येताना दुसरी. दाजींच्या खिडकीतून त्यांच्या बाजूची झाडं नीट दिसायची, पलीकडची रांग ते बघतच नसत. ड्रायव्हरच्या डोक्यावरून झाड बघितलं की बघितल्यासारखं वाटतं आणि दिसत मात्र काही नाही, असं ते म्हणत. ती रांग परत येताना त्यांच्या खिडकीशी यायची. म्हणून गेलो त्याच रस्त्याने परत यायचं, कितीही आडवळणाचा असो, कितीही भूक लागलेली असो. तसं परत आल्याशिवाय रस्ता झाला असं दाजी म्हणत नसत. आणि माणसाची नजर पक्की होती, हे कबूल करायलाच हवं. शेंडा जरा विरळ झाला की बुंध्यात काय चाललंय ते त्यांना गाडीतून कळायचं. शिव्या आपण त्यांना पुढे देऊच, पण कामाला त्यांच्या तोडीचा माणूस त्या खात्यात नव्हता.

घोळ झाला तो कालव्याच्या रस्त्यावर. तिथे दोन्ही बाजूंना जुने निलगिरी आहेत, उंच, सालपटं सुटलेले. निलगिरीचा भरवसा नसतो. वारा नाही, पाऊस नाही, भर उन्हात उभ्या उभ्या फांदी टाकून देतो. म्हणून तो रस्ता उन्हाळा लागायच्या आत बघायचा, हे ठरलेलं. त्या दिवशी दोघं तो रस्ता शेवटपर्यंत गेले. जातानाची बाजू झाली, पट्टे मारून झाले. आता गाडी वळवायची, तेवढ्यात दाजींना भाचीचा फोन आला.

भाची म्हणजे ताईची मुलगी. तिचं नुकतंच लग्न होऊन नवं घर लागत होतं आणि तिने पलीकडच्या गावातल्या सुताराकडे कपाट करायला टाकलं होतं. कपाट तयार होतं. सुतार म्हणत होता की आजच्या आज उचला, मला जागा हवी आहे. दाजींनी धाकट्याकडे बघितलं. सरकारी गाडी, मागे मोकळी जागा, सुताराचं गाव इथून हाकेच्या अंतरावर. धाकट्याने स्वतःहूनच गाडी तिकडे घेतली. भाची त्याच्या अंगाखांद्यावर वाढलेली, तिच्या कपाटाला तो नाही म्हणणार होय? दोघांनी मिळून ते धूड चढवलं, दोर आवळला, आणि मग लक्षात आलं की कालव्याच्या रस्त्याने गेलं तर खड्ड्यांत कपाटाच्या आरशाचे तुकडे होतील. तेव्हा परतताना हमरस्त्याने आले. भाचीने चहा केला. कपाट भिंतीला कसं टेकवायचं यावरून मामा-भाचीची खूप थट्टामस्करी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू करता करता धाकटा म्हणाला, दाजी, कालव्याची येतानाची बाजू राहिली. दाजी म्हणाले, अरे, पुढच्या फेरीत बघू, तिकडचं काय पळून जातंय? आज डोंगराकडे जायला सांगितलंय. धाकट्याने गाडी डोंगराकडे घेतली. आणखी एकदा म्हणायला हवं होतं, हे त्याला नंतर पुष्कळ वेळा वाटलं. पण बहिणीच्या नवऱ्याला, तेही नोकरी लावून देणाऱ्याला, एकाच गोष्टीवरून दोनदा टोकायचं त्याच्या जिवावर आलं. दाजींनी वर कळवून टाकलं की कालव्याचा रस्ता झाला.

उन्हाळा ऐन भरात होता. वाऱ्याची झुळूक नाही, पानही हलत नव्हतं, आणि टपालवाला मोटारसायकलवरून आपल्या फेरीला निघाला होता. त्या बाजूच्या एका निलगिरीने भलीमोठी फांदी खाली सोडली. माणूस वाचला. पाय नाही वाचला, गुडघ्याच्या वरून कापावा लागला. लोक धावत आले तेव्हा तो शुद्धीवर होता आणि रस्त्यावर पसरलेली पत्रं कुणीतरी गोळा करा म्हणून सांगत होता.

दाजी आणि धाकटा तिथे पोचले तेव्हा रस्ता मोकळा केलेला होता. दाजी कालव्याच्या टोकाकडे चालत गेले, वळले, आणि तिथून झाडाकडे बघत उभे राहिले. धाकटाही त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. जाताना ते झाड हिरवंगार, धडधाकट दिसायचं. येताना बघितलं तर बुंध्यावर एक चीर खालपासून वरपर्यंत दिसत होती, जुनी, काळी पडलेली, आतून पाणी गळून डाग पडलेली. आंधळ्यालाही दिसली असती. दाजींच्या तोंडचं पाणी पळालं. ते एवढंच म्हणाले, "कपाटाचं कुणाला बोलू नकोस."

पण बोलायचं काम परस्पर झालं होतं. हमरस्त्यावरच्या पंक्चरवाल्याने त्या दिवशी खात्याच्या गाडीत आरशाचं कपाट जाताना बघितलं होतं, आणि अशा गोष्टी पंक्चरवाले विसरत नाहीत. चौकशी बसली. टपालवाल्याच्या भावाने खात्याच्या दारात ठाण मांडलं. कुणाचा तरी बळी दिल्याशिवाय हे शमणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. दाजींची निवृत्ती जेमतेम वर्षावर आली होती. आता नाव लागलं तर जन्मभराची चाकरी मातीत, आणि वर निवृत्तीवेतनही गोत्यात.

चौकशीच्या आदल्या दिवशी ताई आली. एकटी आली. धाकट्याची बायको चहा टाकायला आत गेली तशी ताई त्याच्या शेजारी येऊन बसली आणि लहानपणी डोक्यावरून हात फिरवायची तसा फिरवला. मग रडली. रडणं खोटं नव्हतं, तेवढं तिच्या बाजूने बोलायला हवं. म्हणाली, यांना झोप नाही, अन्नावर वासना नाही, काही बरंवाईट करून घेतील अशी भीती वाटते. मग हळूच मुद्द्यावर आली. दाजींना त्या दिवशी ऊन लागलं होतं, ते डोळे मिटून पडले होते, आणि धाकट्याने गाडी परस्पर वळवली, असं म्हणायचं. कपाटही धाकट्याचंच म्हणायचं. ड्रायव्हरला कोण काय करतंय? फार तर थोडे दिवस दुसऱ्या विभागात टाकतील. दाजी वर शब्द टाकतील, परत आणतील.

धाकट्याने आधी आतल्या दाराकडे बघितलं. मग म्हणाला, "ताई, तुला तर खरं ठाऊक आहे ना?"

"मला नाही तर कुणाला?" ताई म्हणाली. "जगाला काय म्हणायचं ते म्हणू दे. मी आहे ना."

तेवढ्यावर गडी तयार झाला. आता याला भोळेपणा म्हणा नाहीतर मूर्खपणा म्हणा. त्याने मनाशी हिशोब केला तो असा, की जगात एका माणसाला खरं ठाऊक असलं म्हणजे बाकीच्यांचं बोलणं अंगाला लागत नाही, आणि ते एक माणूस ताई असली तर मग विचारायलाच नको.

चौकशीत साहेबांनी दोघांना समोरासमोर बसवलं. दाजी खाली मान घालून बोलले. मुरलेला माणूस, एक शब्द जास्त नाही की एक कमी नाही. मेहुणा आहे म्हणून मी आजवर पुष्कळ चालवून घेतलं साहेब, असंही म्हणाले. हे काही ठरलेलं नव्हतं. धाकट्याने चमकून वर बघितलं, पण दाजी खिडकीबाहेर बघत होते. साहेबांनी विचारलं, कपाट तुमचं? धाकटा हो म्हणाला. गाडी तुम्ही कुणाला न विचारता वळवलीत? हो. एका माणसाचा पाय गेला, कळतंय का? तेव्हाही तो हो म्हणाला. निदान हे शेवटचं तरी खरं होतं.

संध्याकाळी ही बातमी त्याच्याआधी घरी पोचली होती. बायको भिंतीशी बसली होती. शेजारी पत्र्याची ट्रंक होती, लग्नापासून त्या घरातले सगळे कपडे त्याच ट्रंकेत असत.

"कपाट आपलं म्हणे," ती म्हणाली. "दाखवा तरी मला कुठे आहे."

तो चपला काढत राहिला. तिने मग मनातलं सगळं बाहेर काढलं. वन्सं चहा प्यायला आल्या नव्हत्या हे मला तेव्हाच कळलं होतं, म्हणाली. तुमच्या अंगात पाणी नाही, आणि आहे ते त्यांनी वाढवलेलं म्हणून त्यांच्याच कामाला येतं. उद्या आपली पोरं शाळेत जातील आणि त्यांना लोक काय म्हणून ओळखतील? धाकट्याने तिला समजावलं की थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, दाजी बघून घेतील, आणि ताईला सगळं ठाऊक आहे. बायको म्हणाली, ताईला ठाऊक असून चूल पेटत नाही.

दाजींनी काही बघून घेतलं नाही. बदली कसली नि काय, थेट नारळ मिळाला. टपालवाल्याच्या भावाला शांत करायला खात्याला धडा घालून द्यायचा होता, आणि धडा आयता समोर आला होता. स्वतःच्या तोंडाने कबूल केलेला. दाजींनी एकदा फोन केला, माझे हात बांधलेत रे म्हणाले. नंतर फोन आला नाही. धाकट्याने भाजीवाल्यांचा टेम्पो चालवायला घेतला. पहाटे बाजाराला माल न्यायचा, दुपारी रिकामी खोकी परत आणायची. येण्याजाण्याचा रस्ता कालव्याचाच.

टपालवाल्याला भेटायला जायचं त्याने ठरवलं ते नोकरी गेल्यावर. बायकोने जाऊ नका म्हणून सांगितलं. पण त्याला राहवेना. घर नीटनेटकं होतं, अंगणात कपडे वाळत होते. टपालवाला दारातच खुर्ची टाकून बसला होता, पँटची एक बाजू दुमडून पिन लावलेली. धाकट्याला त्याने ओळखलं. बस म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. धाकटा उभ्यानेच सांगू लागला की वाईट झालं, फार वाईट झालं, आणि काही लागलं सवरलं तर सांगा. टपालवाल्याने ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "कपाट पोचलं ना नीट?"

त्या क्षणी धाकट्याच्या ओठांवर खरं आलं होतं. कपाट माझं नव्हे, गाडी मी एकट्याच्या मनाने वळवली नाही, येतानाची बाजू राहिली म्हणून मी सांगितलंही होतं. पण नोकरी गेल्यावर येऊन असं बोलणाऱ्या माणसाला काय म्हणतात हे त्याला ठाऊक होतं. आपल्या अंगावरचं झटकून म्हाताऱ्या माणसावर टाकायला आला, असंच म्हटलं असतं कुणीही. आणि म्हणणाऱ्याचं चुकलंही नसतं, कारण चौकशीत हो कोण म्हणालं होतं? तो मागे वळला आणि टेम्पोत बसून कितीतरी वेळ चावीच फिरवू शकला नाही. मग स्वतःला समजावलं, ताईला ठाऊक आहे. ते औषधासारखं लागू पडलं, आणि तो घरी गेला.

त्यानंतर असंच चाललं. बाजारात कुणीतरी मागून कपाटवाला म्हणायचं, हा ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. पोराला शाळेत कुणी काही बोललं की बायको दिवसभर अबोला धरायची, हा मूग गिळून बसायचा. ताईचं येणं कमी झालं होतं. फोनवर बोलायची, तब्येतीची चौकशी करायची, मुलांचं विचारायची. त्या दिवसाविषयी कधी चकार शब्द नाही. धाकट्याला वाटायचं, बोलायची लाज वाटत असेल बिचारीला. तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून तोही तो विषय काढत नसे. उलट तिलाच सांभाळून घ्यायचा.

वर्ष सरलं आणि दाजींच्या निवृत्तीचा समारंभ ठरला. साहेब येणार, खात्यातले सगळे येणार, रस्त्याकडेची झाडं जन्मभर पोटच्या पोरांसारखी सांभाळली म्हणून दाजींचा सत्कार होणार. धाकट्याला हे बाजारात कळलं. तो घरी आला आणि बायकोला म्हणाला, माझा पांढरा सदरा काढून ठेव, इस्त्री करायला लागेल. बायकोने त्याच्याकडे बघितलं, आणि काय वाटलं कोण जाणे, सदरा काढून ठेवला.

दोन दिवस आधी दुपारी ताई आली. उन्हातून आली होती, पाणी प्याली, पंख्याखाली बसली. मुलांसाठी खाऊ आणला होता. धाकट्याला फार बरं वाटलं. घरी येऊन बोलावतेय, म्हणजे मान राखला, असं त्याच्या मनात आलं. तो म्हणाला, कशाला आलीस उन्हाची, फोन केला असतास तरी आलो असतो आम्ही.

ताईने पेला खाली ठेवला. मग जरा आढेवेढे घेत बोलली. साहेब असतील, खात्यातली माणसं असतील, टपालखात्यातलेही दोघं यायचेत. उगाच कुणी काही बोललं तर यांच्या चांगल्या दिवसाला गालबोट लागायचं. नंतर तुम्ही चौघं जेवायलाच या, घरच्या घरी, निवांत. तू समजून घे.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. धाकट्याने आधी मान डोलावली, सवयीनेच. मग थांबला. असं विचारायचं त्याच्या मनात नव्हतं, पण विचारून गेला.

"ताई, तुला तर खरं ठाऊक आहे ना?"

तेच शब्द, तोच सूर. पण ताईच्या कपाळावर आठी पडली. हे कुठलं उकरून काढतोस आता, असं म्हणाली. त्या माणसाने आयुष्यभर एक सुट्टी घेतली नाही. त्या प्रकरणाने त्यांचं रक्त किती आटलं ते मी बघितलंय. आणि तरी तुझ्याविषयी ते कधी कुणाजवळ वाईट बोलले नाहीत. माफ केलं म्हणतात त्यांनी तुला.

"मला? माफ?"

"मग काय तर," ताई म्हणाली. अगदी मऊ आवाजात, लहानपणी त्याची चूक पदरात घ्यायची तशी. "कपाट कुणाचं का असेना रे. गाडी तर तूच चालवत होतास ना?"

धाकट्याने तिच्या तोंडाकडे बघितलं. कुठेतरी तिचे डोळे हलतील, नजर चुकवेल, नवऱ्यासाठी बोलतेय हे दिसेल, म्हणून बघतच राहिला. तिने नजर चुकवली नाही. ती खोटं बोलत नव्हती. एवढ्या वर्षभरात तिने ते घासून पुसून आपल्यापुरतं खरं करून घेतलं होतं, आणि आता ते तिला मनापासून तसंच आठवत होतं. चौकशीत तो हो म्हणाला तेव्हा त्याला इतकं एकटं वाटलं नव्हतं. टपालवाल्याच्या दारातही नाही.

ताई उठली. पिशवी खांद्याला लावली, मुलांना खाऊ दे म्हणाली, आणि बाहेर टेम्पो उभा दिसला तशी म्हणाली, ऊन फार आहे, बसथांब्यापर्यंत सोडतोस का?

धाकट्याच्या खिशात चावी होती. जन्मात त्याने तिला कशाला नाही म्हटलं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला.

तिला वाटलं, टेम्पोचं काही बिघडलं असेल. बरं बरं, चालत जाईन म्हणाली, आणि रस्त्याच्या कडेकडेने, झाडांच्या सावलीखालून निघून गेली.